कबुलीची मर्यादा

आफ्रिकेत ख्रिस्ती धर्म गोऱ्या मिशनऱ्यांनी नेला, हे अर्धेच खरे. तो फैलावला मुख्यतः आफ्रिकी माणसांनी, आणि पुष्कळदा मिशनऱ्यांच्या नाराजीला न जुमानता. १९१३-१४ मध्ये लायबेरियाचा विल्यम वाडे हॅरिस हातात क्रूस घेऊन आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याने पायी फिरला. लाखभर लोकांनी त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला असे मानतात. फ्रेंच सरकारने त्याला हाकलून दिले. बेल्जियन काँगोतल्या सायमन किंबांगूला १९२१ मध्ये प्रवचनांसाठी जेमतेम काही महिने मिळाले. मग फाशीची शिक्षा, ती बदलून जन्मठेप, आणि तीस वर्षांनी तुरुंगातच मृत्यू. नायजेरियात सडकेवर रोलर चालवणारा जोसेफ बाबालोला १९३० मध्ये इलेशात प्रार्थनेने रोग बरे करू लागला, तेव्हा गावेच्या गावे तिकडे लोटली. वसाहतीच्या सरकारांना ही माणसे बंडखोर वाटत. एवढे लोक आपल्या परवानगीवाचून एकत्र येतात, हे सत्तेला पुरेसे भिववते.

मला मात्र या साऱ्यांहून अधिक विचारात पाडते ती पूर्व आफ्रिकेतली चळवळ. तिने नवा पंथ काढला नाही. ती अँग्लिकन चर्चमध्ये राहिली आणि त्याच घरात भांडली. तिचे हत्यार एकच होते: आपले पाप चारचौघांत, नाव घेऊन, मोठ्याने सांगणे.

१९२९ मध्ये रवांडातल्या गाहिनीच्या मिशन हॉस्पिटलचा जो चर्च नावाचा इंग्रज डॉक्टर दुष्काळाच्या कामाने थकून कंपालाला आला. तिथे त्याची गाठ सिमिओनी न्सिबांबी या गांडा गृहस्थाशी पडली. दोघांनी मिळून बायबल वाचले, प्रार्थना केली. पुढे गाहिनीच्या हॉस्पिटलातला योसिया किनुका न्सिबांबीकडे आला तो तक्रारी घेऊन: काम बिघडलेय, माणसे धड नाहीत. न्सिबांबीने त्याला त्याच्याच मनाबद्दल विचारले. चळवळीचे सारे तंत्र या एका प्रश्नात आहे. लोक चोरलेले सामान परत करू लागले, बुडवलेले पैसे भरू लागले, व्यभिचार कबूल करू लागले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गाहिनीतून निघालेले हे लोण युगांडा, केनिया आणि टांगानिकापर्यंत पोचले. त्यांना ‘बालोकोले’, म्हणजे तारलेले, म्हणत. म्हणणाऱ्यांच्या सुरात थोडा टोमणाही असे.

वसाहतीच्या काळात डॉक्टरसाहेब आपल्या आफ्रिकी सहकाऱ्यासमोर स्वतःच्या गर्वाची कबुली देतो, हे किती विलक्षण होते! स्वातंत्र्याच्या सभांत ज्या समतेची मागणी होत होती, ती इथे काही क्षण तरी अनुभवाला येत होती. गावातल्या वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. घरातली भानगड घरातच मिटवायची असते, असे त्यांचे म्हणणे; आणि आपल्याकडचा कुठलाही पाटील-कुलकर्णी याहून वेगळे बोलला नसता. चर्चच्या अधिकाऱ्यांनाही रुचले नाही. १९४१ मध्ये युगांडातल्या मुकोनोच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातून विल्यम नागेंडासह २६ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. पहाटे उठून प्रार्थना करायच्या, इतरांना त्यांच्या पापांची जाणीव करून द्यायची आणि मनाई झाली तरी थांबायचे नाही, हा त्यांचा अपराध.

या मंडळींचे धैर्य पोकळ नव्हते. केनियात ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ उठावात किकुयू बालोकोलेंनी बकऱ्याच्या रक्ताची शपथ घ्यायला नकार दिला आणि काहींनी त्यापायी जीव गमावला. पण सरकारच्या होमगार्डची बंदूकही त्यांच्यापैकी पुष्कळांनी हाती धरली नाही. दोन्ही बाजूंना नको असलेली ही माणसे होती. युगांडाचा आर्चबिशप जनानी लुवुम याच परंपरेतला. बिशपांनी हुकूमशहा इदी अमीनला निषेधाचे पत्र पाठवले, आणि १६ फेब्रुवारी १९७७ रोजी लुवुमला ठार मारण्यात आले. सरकारने मोटार अपघात झाल्याचे जाहीर केले.

आणि तरीही १९९४ उरतेच. ज्या रवांडात हे जागरण सुरू झाले, तिथे सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे, बहुतेक तुत्सी, मारली गेली. कित्येक तर चर्चच्या आवारात, आसरा घ्यायला आलेली असताना. अँग्लिकन चर्चचे काही वरिष्ठ धर्मगुरू मारेकऱ्यांच्या सरकारचीच बाजू मांडत राहिले. सगळा दोष चळवळीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; रवांडात कॅथलिकांची संख्या कितीतरी मोठी होती, आणि हत्याकांडामागे राजकारण होते, सत्ता होती, रेडिओ होता. पण एक जुळणी मनातून जात नाही. १९३० च्या दशकात गाहिनीत लोक पापांची कबुली देत होते, त्याच दशकात बेल्जियन अधिकारी ओळखपत्रांवर हुतू आणि तुत्सी असे जमातीचे शिक्के उमटवत होते. एकेकट्याच्या चुकांना पाप म्हणण्याची भाषा चळवळीने घडवली. त्या शिक्क्यांसाठी तिच्यापाशी शब्दच नव्हता. बुडवलेल्या पैशाचा हिशेब देता येतो, कारण तो ‘मी’ बुडवलेला असतो. पण ‘आम्ही’ जे करतो, त्याची कबुली कोण देणार?

हा पेच आपल्या ओळखीचा आहे. इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’मध्ये वारीतल्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या वेगळ्या पंगती टिपल्या, ओठांवर अभंग तेच होते. दुसरा धागा थेट आहे. इंग्लंडमधल्या केसिकच्या ख्रिस्ती जागरणाच्या अधिवेशनाला पंडिता रमाबाई १८९८ मध्ये गेल्या होत्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये मुली रडत, पापे सांगत प्रार्थना करू लागल्या. रवांडातले मिशनही त्याच केसिकच्या वळणाचे. पण रमाबाईंनी स्त्रीच्या दुःखामागची समाजरचना आधीच इंग्रजी ग्रंथात मांडून ठेवली होती. त्यांच्यापाशी ‘आम्ही’ची भाषा होती.

आज चळवळीचा वारसा सांगणाऱ्या युगांडातल्या अँग्लिकन चर्चचा सूर बघा. २०२३ च्या समलैंगिकताविरोधी कायद्याचे चर्चच्या प्रमुखांनी स्वागत केले. आक्षेप होता तो फाशीच्या तरतुदीला. वैयक्तिक पाप हुडकायची ती तीक्ष्ण नजर आता शेजाऱ्यावर रोखली आहे.

रवांडात मात्र कबुली वेगळ्या रूपात परतली. शासनाने ‘गचाचा’ ही जुनी गावपंचायतीची रीत नव्याने उभी केली आणि २०१२ पर्यंत तिथे लाखो खटले चालले. ही रीत चर्चने दिलेली नव्हे. शिक्षेत सूट हवी असेल तर आरोपीने उघड्यावर, शेजाऱ्यांसमोर सांगायचे: कुणाला मारले, सोबत कोण होते, प्रेते कुठे टाकली. खोट्या कबुल्या झाल्या, सूड उगवले गेले, सत्ताधारी सैनिकांचे गुन्हे बाजूलाच राहिले. पण सोबत कोण होते, हा प्रश्न तरी तिथे विचारला गेला.