ज्वारीत तूर पेरावी काय?

गेल्या पावसाळ्यात एका दहा वर्षांच्या मुलाने मला असा प्रश्न विचारला की, त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आम्ही इंदूरला बडा गणपतीजवळ राहतो. तीनचार मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मुले रविवारी दुपारी आमच्याच ओसरीवर जमतात. लेवीयाच्या १९ व्या अध्यायातील १८ वे वचन, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा, मी पाठ करून घेत होतो. मुलगा हुशार, तो न सांगता पुढचे वचनही वाचून गेला. शेतात दोन जातींचे बी मिसळून पेरू नये, असे तेथे आहे.

“सर, जालन्याकडे आमचे आजोबा ज्वारीत तूर पेरतात. त्यांना पाप लागतं का?”

मी नेहमीचे उत्तर दिले: ते जुन्या नियमशास्त्रातले आहे, आपल्याला लागू नाही. तो म्हणाला, “मग त्याच्या आधीचं वचन?”

वाचकहो, शिक्षकाने गप्प बसावे असे प्रसंग थोडे असतात. हा त्यातला एक होता. त्याच १९ व्या वचनात दोन प्रकारच्या सुतांचे कापड अंगावर घालू नये असेही आहे, आणि माझ्या अंगात टेरिकॉटचा सदरा होता!

एक वचन गळ्यात बांधायचे आणि त्याला लागून असलेले सोडून द्यायचे, हे कोणत्या अधिकाराने? आपल्या सोयीचे ते सनातन आणि गैरसोयीचे ते जुने, असे तर आपण करीत नाही ना? पहिल्या वचनाचे उत्तर मला सापडले. प्रभूने स्वतःच ते उचलून सर्वांत मोठ्या आज्ञेच्या शेजारी ठेवले. दुसऱ्याविषयी यहूदी शास्त्रीही सांगत आले की, बियाण्यांचा हा निर्बंध इस्राएलाच्या भूमीपुरता आहे. परराष्ट्रांत मिसळून जाऊ नये म्हणून वेगळ्या राखलेल्या लोकांची ती खूण होती, असे मला वाटते. शिवाय यशयाचा २८ वा अध्याय पाहा. गहू कोठे, जव कोठे आणि बांधाच्या कडेला काय पेरावे, हे शहाणपण शेतकऱ्याला देवच शिकवतो, असे संदेष्टा म्हणतो.

एवढ्याने वचनाचा उलगडा झाला, आजोबांचा झाला नाही. माणूस मुळात असे का पेरतो?

दिवाळीत ज्वारी काढून आजोबा नातवाकडे आले. मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, तिफणीने ज्वारी पेरत जायचे आणि ठरलेल्या ओळींनंतर मागे बांधलेल्या सरत्यातून तूर सोडायची. सरते धरण्याचे काम आजींचे. ज्वारी दिवाळीच्या सुमारास घरात येते. तूर पौषापर्यंत उभी राहते.

मला उपदेशासाठी सुंदर दृष्टान्त मिळाला असे वाटले. म्हटले, “म्हणजे तूर आपल्या मुळांवरच्या गाठींतलं नत्र ज्वारीला देते. केवढा त्याग!” आजोबा हसले. “तूर काय देणार? दोन महिने तीच ज्वारीच्या सावलीत खुरटून बसलेली असते. ज्वारी कापली की मग तिला ऊन मिळतं.”

आजोबांचेच खरे होते. गाठींतील जंतू हवेतले नत्र बांधतात, पण त्याचा बराच भाग तुरीलाच लागतो. उभ्या ज्वारीच्या वाट्याला फारसे येत नाही. गळलेला पाला आणि कुजलेली मुळे यांचा लाभ पुढच्या पिकाला मिळतो. दोघींचे जमते ते त्यागामुळे नव्हे, तर त्यांची भूक एका वेळची नाही आणि मुळे एका खोलीची नाहीत म्हणून. दृष्टान्त सोपा व्हावा म्हणून खोटे सांगण्याची खोड आम्हा शिक्षकांना फार आहे.

आमच्या इंदूरशी या गोष्टीचा जुना संबंध आहे. आज जेथे कृषी महाविद्यालय आहे, तेथे १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांचे आणि यशवंत वाड यांचे कंपोस्ट खत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेले. हिंदी शेतकरी तृणधान्यात कडधान्य मिसळून पेरतो, तो अडाणीपणा नव्हे, रानावनात चालते तीच ही रीत आहे, असे १९४० च्या आपल्या ग्रंथात हॉवर्डनी लिहिले. पुढे १९८० साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतील राव आणि विली यांनी ९४ प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. उत्पन्न एका ठरावीक किमान रकमेखाली जाण्याची पाळी निव्वळ तुरीत पाच वर्षांतून एकदा, निव्वळ ज्वारीत आठ वर्षांतून एकदा, आणि दोन्ही एकत्र पेरल्यास ३६ वर्षांतून एकदा येते, असे त्यांना दिसले.

आजोबांना हे आकडे सांगितले. ते म्हणाले, “चार एकरवाल्याला एवढंच पाहिजे. वाईट सालात शेजाऱ्याच्या दारात पायली मागायला जावं लागू नये.”

शेजाऱ्याच्या दारात! म्हणजे १८ वे आणि १९ वे वचन मला वाटले होते तितके दूर नव्हते. शेजाऱ्यावर भार न होणे हाही प्रीतीचाच एक भाग आहे, आणि तो आजोबा बी मिसळून पाळत होते.

त्यांचा मुलगा मात्र चारी एकरांत सोयाबीन लावा म्हणतो. त्याला मी लोभी म्हणणार नाही. रोख पैसा त्यातून येतो, आणि गतसाली या नातवाची फी त्याच पैशातून भरली गेली. बापलेकांचा वाद अजून मिटलेला नाही.

पुढच्या रविवारी मी मुलांना दोन्ही वचने पाठ करायला दिली. आजोबा मागे खांबाला टेकून ऐकत होते. एकोणिसावे संपताच नातवाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. ते तळहातावर तंबाखू मळत होते.