नकाराची सही

दिवाळीची सुट्टी संपली की इंजिनिअरिंग कॉलेजांच्या स्टाफरूमबाहेर शेवटच्या वर्षाची मुलं घुटमळू लागतात. एमएससाठी अमेरिकेला जायचं असतं. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते आणि एकेका अर्जाला बहुधा तीन शिफारसपत्रं लागतात. ‘सर, एलओआर हवं होतं. ड्राफ्ट मीच आणलाय, तुम्ही फक्त अपलोड करा.’ सरांना मुलाचं नावही धड आठवत नसतं. तरी ते हो म्हणतात. पोराच्या भवितव्याचा प्रश्न, आपलं काय जातंय?

जातं ते असं. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे. प्रवेश घेतल्यावर शिफारसपत्रंही त्यात येऊ शकतात. अर्ज करतानाच बहुतेक जण या हक्कावर पाणी सोडतात. शिक्षकानं मोकळेपणानं लिहिलंय, असा वाचणाऱ्याला भरवसा वाटावा म्हणून. आपला विद्यार्थीही तिथे इमानेइतबारे टिकमार्क करतो. म्हणजे जे पत्र आदल्या रात्री त्यानंच लिहिलं, ते कधीही न पाहण्याचं तो लेखी कबूल करतो!

अशा पत्रांत प्रत्येक जण कष्टाळू असतो, नेतृत्वगुण असलेला असतो आणि वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत असतो. एकाच कॉलेजातून, एकाच सहीची अशी दहा पत्रं गेली, की अकराव्या पत्राला किंमत उरत नाही. आणि खरोखरच लायक असलेली मुलगी नेमकी त्या अकराव्या पत्रात असते.

१९४८ साली कार्नेगी टेकचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी जॉन नॅश या विद्यार्थ्यासाठी प्रिन्स्टनला पत्र पाठवलं. जेमतेम काही वाक्यांचं. नॅश एकोणीस वर्षांचे आहेत, जूनमध्ये पदवी घेतील, आणि गणितातली त्यांची प्रतिभा असामान्य आहे, एवढंच. पुढे १९९४ मध्ये नॅश यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण डफिन तेच विशेषण वर्गातल्या प्रत्येकाला वाटत सुटले असते, तर प्रिन्स्टनमध्ये कोणी त्यावर नजरही थांबवली नसती.

म्हणून ‘मी पत्र देणार नाही’ असं म्हणता येणं, हे पत्र देण्याच्या अधिकारातच येतं. मात्र ते म्हणण्याचीही रीत आहे. नकार लवकर द्यावा, मुदत तोंडावर आल्यावर नव्हे. मुलाची लायकी न काढता आपल्या माहितीची मर्यादा सांगावी: ‘तुझ्या जर्नलवर मी सह्या केल्या, यापलीकडे तुझ्याबद्दल मला लिहिता येणार नाही. ज्या मॅडमकडे प्रोजेक्ट केलंस, त्यांना विचार.’ आणि कधीतरी वर्गात उलट बोलला, सबमिशन उशिरा दिलं, याचा हिशेब इथे चुकता करू नये. दोरी आपल्या हातात आहे, याची आठवण शिक्षकानंच ठेवायला हवी.

नकारानंतर एक अवघड प्रश्न उरतो, तो मात्र शिक्षकाचा असतो. चार वर्षं कॉलेजात काढलेल्या मुलाला ओळखणारा एकही शिक्षक सापडू नये, हे कसं झालं? साठ-सत्तर जणांचा वर्ग, टर्मवर्क, परीक्षेची कामं ही कारणं खरीच आहेत. तरीही ‘मी तुला ओळखत नाही’ हे वाक्य दरवर्षी, दर दुसऱ्या विद्यार्थ्याला म्हणावं लागत असेल, तर पत्राच्या नमुन्यापेक्षा शिकवण्याच्या पद्धतीकडे पाहायला हवं. विद्यार्थ्यानं पत्र मागायला येण्याआधी दोन वर्षं शंका विचारायला यावं, आणि तो आला तर सरांना त्याच्यासाठी वेळ असावा. मग नकार द्यायची वेळही क्वचितच येईल.