चिठ्ठी कोणी लिहिली?

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्यात आली. ती खरी की नव्हे यावर पुष्कळ वाद झाला. अफझलखानाच्या वधात वापरलेली नखं हीच, असं खात्रीने सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयानेही म्हटलेलं आहे. मला मात्र नखांइतकीच त्यांची पेटी बोलकी वाटते. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने नखं मायदेशी नेली. तिथे त्यांच्यासाठी पेटी घडली आणि तिच्यावर इंग्रजी मजकूर आला. या नखांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं, असं तो सांगतो. ती पेशव्याच्या पंतप्रधानाने दिली, असंही सांगतो. अफझलखान विजापूरकरांचा सरदार होता, हे आपल्याकडचं चौथीतलं मूल सांगेल, आणि पेशवा हाच छत्रपतींचा पंतप्रधान. मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ साली छापणाऱ्या माणसाच्या घराण्यातली ही पेटी! एकदा लागलेली चिठ्ठी दोनशे वर्षं वस्तूची पाठ सोडत नाही.

साम्राज्याने आपल्याला कसं मांडलं, हे मी तेव्हापासून या चिठ्ठ्यांवरून वाचतो आहे. मे १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये हिंदुस्थान आणि वसाहतींचं मोठं प्रदर्शन उघडलं. पंचावन्न लाखांच्या घरात लोक ते पाहून गेले. हिंदी विभागाच्या चौकात कारागीर बसून काम करत, आणि पिढीजात कसब म्हणून लोक त्यांना पाहत. त्यांच्यातले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते आणि कसब तिथेच शिकलेले होते. माणूस समोर हात चालवत बसला होता आणि त्याच्याबद्दल बोलत होता दुसराच कोणी.

पुढच्याच वर्षी त्याच परिसरात इम्पीरियल इन्स्टिट्यूटची पायाभरणी झाली आणि १८९३ मध्ये ती उघडली. आपल्या संस्थानिकांनीही तिला देणग्या दिल्या. आत साम्राज्यभरचं लाकूड, ताग, तेलबिया, खनिजं नमुन्यादाखल मांडलेली होती. कोणता माल कशाच्या उपयोगी पडेल, हे ठरवायला प्रयोगशाळा होती. आता त्या इमारतीचा फक्त मनोरा उरला आहे.

पण या सगळ्यात माझं मन अडकतं ते जॉन फोर्ब्स वॉटसनच्या कापडाच्या पुस्तकांत. लंडनच्या इंडिया म्युझियमचा हा प्रमुख. १८६६ मध्ये त्याने हिंदी कापडाचे अठरा खंड तयार केले. त्यांत सातशे नमुने होते, छापलेली चित्रं नव्हे, खऱ्या कापडाचे कापून चिकटवलेले तुकडे. लुगडी, धोतरं, पागोट्यांचं कापड, मलमल. शेजारी लांबी, रुंदी, वजन, किंमत, गाव. असे वीस संच झाले. तेरा ब्रिटनमधल्या शहरांना गेले, सात हिंदुस्थानात आले. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला इथली बाई काय नेसते, काठ केवढा, रंग कोणता, हे घरबसल्या कळावं हा उघड हेतू होता. त्या चिठ्ठीत विणकराचं नाव सोडून सगळं आहे. आपलं लुगडं नमुना म्हणून तिकडे गेलं आणि नक्कल होऊन आपल्याच बाजारात विकायला आलं. वाघनखं गेल्याचं आपल्याला दुःख होतं. या सातशे तुकड्यांचं व्हायला हवं तेवढं होत नाही, कारण लुगड्यामागे लढाई नाही.

या चिठ्ठ्यांना इथून उत्तरंही गेली. १८८८ मध्ये पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्यासाठी मेजवानी झाली. महात्मा फुले तिथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि समोरच्या दागदागिन्यांनी मढलेल्या मंडळींना हिंदुस्थान समजू नका, खेड्यांत जाऊन पाहा, असं त्यांनी ड्यूकला सुनावलं. प्रतिनिधित्वाची याहून नेमकी कृती मला ठाऊक नाही. स्वतःची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली, तीही अंगावर.

दुसरी वाट न्यायमूर्ती रानड्यांची. देश कच्चा माल पिकवणारा मळा होऊन बसला आहे, हे ते अर्थशास्त्राच्या भाषेत मांडत होते. १८९० मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि त्याच साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखलं गेलेलं औद्योगिक संग्रहालय सुरू झालं. आजचं घोले रस्त्यावरचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय ते हेच. नाव गव्हर्नरचं होतं, पण इथल्या माणसाने इथला माल आणि यंत्र पाहावं, शिकावं, ही आस त्यामागे होती.

हे सगळं मी चिखलीत बसून लिहितो आहे, पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या टाळगाव चिखलीत. आमच्याकडे 'नमुना' हा शब्द रोजचा आहे, फक्त त्याला सॅम्पल म्हणतात. मोठ्या कंपनीचं ड्रॉइंग येतं, छोट्या शेडमधला टर्नर रात्री जागून पीस काढतो, तो मापात बसला की ऑर्डर सुटते. डब्याला टॅग लागतो: पार्ट नंबर, बॅच, नग, व्हेंडर कोड. माझ्या ओळखीच्या एकाने फिक्श्चरमध्ये असा बदल केला की रिजेक्शन जवळपास थांबलं. पुढे ती युक्ती वरच्या कंपनीच्या सादरीकरणात त्यांची म्हणून झळकली. त्याला राग नव्हता. "आपलं काम माल देणं," एवढंच तो म्हणाला. मला राग आला, अजून आहे.

गुलामी आणि जॉबवर्क एक नव्हे. इथे मजुरी मिळते, माणूस स्वतःचं मशीन घेतो, मुलं इंजिनिअर होतात. जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी २००८ पासून टाटांची आहे, तेव्हा काळही फिरला आहे. पण टॅगवर करणाऱ्याचं नाव नाही, ही जुनी रीत आपण मोडलेली नाही. साठ वर्षांत या पट्ट्याने देशाला गाड्या दिल्या, आणि ज्या शेडमध्ये त्यांचे भाग घडले तिथल्या माणसांची नोंद जवळपास कुठेच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो शेड आणि गोदामं अनधिकृत म्हणून पाडली. कायद्याची बाजू असेल. पण पाडण्याआधी तिथे कोण काय करत होतं, हे कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात, शेडमध्ये जुना लेथ असेल, वडिलांचा व्हर्निअर, पहिला पास झालेला पीस, तेलाचे डाग पडलेलं ड्रॉइंग असेल, तर भंगारात घालण्याआधी त्याला एक चिठ्ठी बांधा. कोणी वापरलं, कुठल्या गावाहून तो माणूस इथे आला, कोणत्या साली, आणि त्यावर काय घडवलं. मराठीत लिहा, पूर्ण नावानिशी.