यांपैकी जे आधी होईल ते

गाडी विकायची असं आमच्या घरी एकमताने ठरलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात तिच्या ऑइलची मुदत भरली. एकमताने म्हणजे हिच्या मताने. आमच्या घरात मतं दोन असली तरी मोजणी एकाच बाजूने सुरू होते आणि तिथेच संपते.

गाडी म्हणजे २०१२ साली घेतलेली आमची वॅगनआर. लांबीपेक्षा उंचीत जास्त विश्वास ठेवणारी. आत बसलं की आपण एखाद्या चालत्या कपाटात बसलो आहोत असं वाटतं. पण बिचारीने कधी घाटात मान टाकली नाही की पावसात रुसवा धरला नाही. आता मुलगा परगावी, आम्ही दोघं बस आणि रिक्षावाले, आणि गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी. तेव्हा द्यावी विकून. गिऱ्हाईकही मिळालं होतं. मग मला एक साधा प्रश्न पडला. जी गाडी पुढच्या महिन्यात आपली राहणारच नाही, तिचं ऑइल आत्ता दोन हजार चारशे रुपये खर्चून बदलायचं का?

वाचकहो, प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता. पण रात्री दोन वाजता मी पंख्याकडे बघत पडलो होतो, यावरून काय ते समजा.

मुळात ऑइल बदलणं हे जगातलं सगळ्यात कृतघ्न काम. नवे सीटकव्हर घाला, शेजारी विचारतात. गाडी धुवून आणा, निदान पाऊस तरी दखल घेतो. ऑइल बदला, आणि काय होतं? काहीही होत नाही. तेच तर त्याचं यश. ज्या कामाचं फळ म्हणजे ‘काहीही न होणं’, ते काम माणसाने कुणाच्या भरवशावर करायचं? आणि नाही केलं तरी लगेच काही होत नाही. जे व्हायचं ते दोन-तीन वर्षांनी होतं, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात असते.

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात याविषयी एक वाक्य आहे. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते. वयाची साठी ओलांडल्यावर हे वाक्य वाचताना छातीत उगीचच चमक येते. पण या वाक्याशी माझं जुनं वैर आहे, आणि त्याची कबुली पुढे देणारच आहे. आधी ऑइलचं पुराण सांगतो.

तेलाशी माझा पहिला संबंध आजीने आणला. महिन्यातून एका रविवारी ती मला मांडीत दाबून धरी नि चमचाभर एरंडेल घशात ओती. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आलं, की कॅस्ट्रॉल हे प्रसिद्ध नाव १९०९ साली कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आमच्या एरंडेलावरूनच घेतलं. त्या काळच्या इंजिनांच्या तेलात एरंडेल मिसळत, कारण भर तापातही ते धातूला सोडत नसे. मला काही नवल वाटलं नाही. आजीचं एरंडेलही जिभेला सोडत नसे. म्हणजे ठरावीक मुदतीने ऑइल देण्याचं शास्त्र आमच्या घरात मोटार येण्याच्या चाळीस वर्षं आधीच आलेलं होतं.

नंतर मी स्वतः ऑइल आणायला दुकानात गेलो, तेव्हा कळलं की एरंडेल बरं होतं. त्यात निवड नव्हती. दुकानदाराने विचारलं, “मिनरल, सेमी-सिंथेटिक की फुल्ल सिंथेटिक?” मी म्हटलं, “गाडीचं.” त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मग त्याने डब्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं ५डब्ल्यू-३०. यातला डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे थंडीचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल गारठ्यात पातळ राहतं, आणि पुढचा आकडा इंजिन तापून शंभर अंशांच्या घरात गेल्यावरचा दाटपणा सांगतो. ५डब्ल्यू म्हणजे उणे तीस अंशांतही इंजिन फिरू देण्याच्या परीक्षेत पास झालेलं तेल. पुण्यात आजवर पारा सर्वांत खाली उतरला तो १९३५च्या जानेवारीत, आणि तोही १.७ अंशांवर थांबला. तेव्हा उणे तीस कशाला हवेत, असं मी विचारलं. दुकानदार म्हणाला, “काका, तुम्हाला वीस अंश उकडतं हो, इंजिनला ती थंडीच.” आणि ते खरं होतं. रात्रभर सगळं तेल खाली चेंबरमध्ये जाऊन बसतं. सकाळी किल्ली फिरवली की ते चटकन वर चढायला हवं, नाहीतर पहिले काही क्षण लोखंड लोखंडावर घासतं. माणसांचंही तसंच असतं. सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांत चहा वर पोचला नाही, तर घरोघरी काय घासतं ते सांगायला नको.

डब्यावर आणखी एक बाराखडी असते. एसए, एसबी करत करत ती २०२० साली एसपीपर्यंत पोचली. जितकं पुढचं अक्षर तितकी नवी, कडक परीक्षा. एवढं ज्ञान मिळवून मी घरी आलो आणि हिला सांगू लागलो, तर ही म्हणाली, “खोबरेल संपलंय, ते आणलंत का?”

असो. आता कबुली.

जानेवारी २०२०मध्ये मी ऑइल बदललं. मार्चमध्ये टाळेबंदी आली. वर्षभरात गाडी धावली जेमतेम सहाशे किलोमीटर, तीही औषधं नि भाजी आणण्यापुरती. वर्ष संपलं तेव्हा पुस्तकातलं वाक्य मी माझ्या सोयीने वाचलं. ‘यांपैकी जे आधी होईल ते’ याऐवजी ‘यांपैकी जे परवडेल ते’. दहा हजार कुठे झाले? मग राहू दे. पुढल्या वर्षी तेच. वाटलं, तेल वापरलंच नाही तर खराब कशाला होईल? पण तेल उभ्या उभ्यासुद्धा म्हातारं होतं. आणि आखूड फेऱ्या तर सर्वांत वाईट. इंजिन नीट तापतच नाही, मग आत धरलेला दमटपणा आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, ते उडून जायला वावच मिळत नाही. शेवटी ऑक्टोबर २०२२मध्ये आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी चेंबरचा नट सोडला, तेव्हा बाहेर आली ती काकवी. धारही धरेना. उस्तादांनी ती बोटांत घेऊन चोळली, माझ्याकडे पाहिलं नि म्हणाले, “साहेब, पोळ्यांबरोबर खायची का?”

तेव्हापासून सकाळी गाडी सुरू केली की चार-पाच सेकंद वरून टिकटिक असा आवाज येतो. मग बंद होतो. गाडी चालते झकास. पण ती टिकटिक माझी आहे, हे मला ठाऊक आहे.

तर आता ऑइल बदलायचं का? मी सल्ला घ्यायला निघालो. पहिला सल्ला उस्तादांचा. ते म्हणाले, “साहेब, बदलूच. पण पुस्तकातलं नको. जाड टाकू, २०डब्ल्यू-५०. टिकटिक बसते. गिऱ्हाईक येईल, ऐकेल, पैसे देईल, जाईल. सगळेच करतात.” मी विचारलं, “आणि मग?” ते म्हणाले, “मग काय, मग त्याची गाडी.” जाड तेल म्हणजे खोकणाऱ्या रोग्याच्या तोंडावर हात धरण्यासारखं. खोकला ऐकू येत नाही, एवढंच. रोग तिथेच, आणि तेल वर चढायला उशीर लागतो म्हणून थोडा वाढलेलाच. उस्ताद हे जाणून होते. ते वाईट माणूस नव्हेत. माझे पैसे वाचवत होते.

दुसरा सल्ला शेजारच्या प्राध्यापकांचा. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे वेळ भरपूर. त्यांनी मला बसवलं आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधली गायजीसच्या अंगठीची गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाला अंगठी सापडते, ती फिरवली की तो अदृश्य होतो. मग तो राणीला फितवतो, राजाला मारतो, राज्य बळकावतो. प्रश्न असा, की कुणीच बघणार नसेल तर माणूस नीट का वागेल? “तुमच्या गाडीचं बॉनेट,” सर म्हणाले, “ही तुमची अंगठी आहे.” मी भारावून गेलो. घरी येताना जिन्याखाली त्यांची स्कूटर दिसली. तिच्याखाली तेलाचा डाग इतका जुना होता की फरशीचा मूळ रंग कोणता हे सोसायटीत कुणाला आठवत नाही. पण म्हणून प्लेटो खोटा ठरत नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

तिसरा सल्ला न मागता मिळाला. ही भाकरी थापता थापता म्हणाली, “अहो, त्यात एवढं काय? पोरगी सासरी पाठवताना डोक्याला तेल लावून, वेणी घालूनच पाठवतात ना? की उद्यापासून सासूचं तेल म्हणून तशीच पाठवतात?” मी म्हटलं, “आणि टिकटिक?” ती म्हणाली, “तिला जे काय आहे ते आधीच सांगायचं. नंतर कळलं की जास्त महागात पडतं. मला तुमच्या घोरण्याचं कुणी आधी सांगितलं होतं?”

आता त्या गिऱ्हाइकाचं सांगतो. पंचविशीतला मुलगा. नवरा-बायको मिळून खानावळ चालवतात आणि डबे पोचवायला त्याला गाडी हवी होती. गाडी बघायला आला तेव्हा त्याने टायर लाथेने ठोकून पाहिले, काचा वरखाली केल्या, भोंगा तीनदा वाजवला, मागची सीट पाडून किती डबे मावतील ते बोटांवर मोजलं. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काही ओढून पाहिली नाही. तेव्हा इंजिन गरमच होतं, त्यामुळे टिकटिकही झाली नाही. जाताना एवढंच म्हणाला, “काका, गाडी व्यवस्थित आहे ना? सगळी शिल्लक घालतोय.” आणि मी, माणूस सवयीने म्हणतो तसा, “एकदम” म्हणून बसलो होतो. रात्री दोन वाजता पंख्याकडे बघायला लावलं ते या ‘एकदम’ने. दोन हजार चारशेने नव्हे.

दुसऱ्या दिवशी उस्तादांकडे गेलो आणि पुस्तकातलंच ऑइल टाकायला सांगितलं. त्यांनी मान हलवली, गाडी चढावर घेतली, नट सोडला. काळं तेल ट्रेमध्ये पडू लागलं. “खराब झालंय,” मी म्हटलं. उस्ताद म्हणाले, “काळं झालं म्हणजे काम केलंय, साहेब. आतला कचरा स्वतःच्या अंगावर घेतलाय. वर्षभर फिरूनही गोरं राहिलं असतं, तर मी घाबरलो असतो.” मग फिल्टर नवा, वॉशर नवा, तीनेक लिटर मधाच्या रंगाचं नवं तेल. थोडा वेळ थांबून पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. दोन खुणांच्या मधोमध तेल चमकत होतं. मला उगीचच भरून आलं.

रविवारी मुलगा पैसे घेऊन आला. मी त्याला गार गाडी सुरू करून दाखवली. टिकटिक झाली, थांबली. मग २०२० ते २०२२ची सगळी हकीकत सांगितली. काकवीचाही उल्लेख केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “याआधी तीन गाड्या पाहिल्या, काका. एकीचाही आवाज येत नव्हता.” मला वाटलं, आता हा पाया पडणार. तो म्हणाला, “पाच हजार कमी करा.”

केले. सत्याची किंमत पाच हजार, अधिक ऑइलचे दोन हजार चारशे. उस्तादांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला, तो ग्रीसचा असल्यामुळे डाग अजून आहे म्हणतात. मी किती चांगला माणूस आहे हे मला तेव्हा समजलं असं म्हणावं, तर तसंही नाही. त्या रात्री झोप लागली, इतकंच. म्हणजे पुन्हा ‘काहीही झालं नाही’.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. “काका, वर्ष झालं. पण गाडी चारच हजार चाललीय, डबे जवळच असतात. ऑइल आत्ता बदलू की थांबू?” मी आवाज खर्जात नेऊन म्हटलं, “बाबा रे, पुस्तकात काय लिहिलंय? यांपैकी जे आधी होईल ते. वर्ष झालं ना? बदल. न वापरलेलंसुद्धा म्हातारं होतं.”

फोन ठेवला तर ही समोर उभी. हातात डॉक्टरांची जुनी चिठ्ठी. “रक्त तपासायला वर्षातून एकदा या, असं लिहिलंय. तीन वर्षं झाली.”

“अगं पण,” मी म्हटलं, “किलोमीटर कुठे झालेत?”