झेंडू उसवताना

दसऱ्याला पहिली-दुसरीच्या वर्गात पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती उमटते. फार सुंदर प्रथा. याच दिवसांत मुलांच्या हातात सुकत आलेलं झेंडूचं एक फूल द्यावं आणि ते सावकाश उसवू द्यावं. पाकळी ओढली की तिच्या बुडाशी बारीक काळी काडी दिसते. तेच बी. ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो इवल्या इवल्या फुलांचा गुच्छ असतो. हे सांगू नये, मुलांनाच सापडू द्यावं. मग दहा-दहाचे ढीग करत मोजणीही आपसूक होते.

सोन्याची पानंही अशीच पाहावीत. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याही विकल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं. हाताला हा फरक एकदा कळला की मूल तो विसरत नाही. त्यासाठी झाड ओरबाडायला नको, दोन पानं वर्गाला पुरतात.

गुरुजनहो, पालकहो, यंदा दारावरचं तोरण उतरवाल तेव्हा ती फुलं कचऱ्यात टाकू नका. मुलांकडून शाळेच्या कुंडीत पेरून घ्या.