हर्णैचा लिलाव

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापडबाजारात भावाची नस ओळखायला शिकलेल्या माणसानं सुट्टीत दापोलीजवळच्या हर्णैला जावं आणि संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघावा. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग लागतात, बोली चढते, कोळणी तोंडी हिशेब करून मोकळ्या होतात. कापडाचा तागा उद्यासाठी ठेवता येतो. मासळी थांबत नाही, म्हणून बोलीलाही घाई. समोर सुवर्णदुर्ग, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला. होडीनं जाता येतं, पण भरती-ओहोटी विचारून. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावासाठी जाऊ नका. आणि फोटोआधी मावशींना विचारा. बोली रंगात आली असेल, तर तेही नको.