गळाची दोरी

कॅनडा देशातील ऑन्टेरियो प्रांतात सिमको नावाचे मोठे सरोवर आहे. हिवाळ्यात ते गोठले म्हणजे लोक बर्फाला भोक पाडून पर्च नावाचे मासे गळाने धरितात. थंड पाण्यात हा मासा मंद होतो. तो आमिष डोळ्यांनी निरखितो व हलकेच तोंड लावितो. जाड दोरीला तो बुजतो. विणलेली दोरी बळकट खरी. पण ती पाणी शोषिते, आणि ते तिजवरच गोठते. म्हणून पुष्कळ जण २ ते ४ पौंड भार पेलणारी फ्लुओरोकार्बनची बारीक दोरी निवडितात. ती पाण्यात बुडते व फारशी दिसत नाही. मात्र बर्फाच्या कडेवर घासून तिला चीर पडली, तर मासा वर येता येता ती तुटते. यास्तव शहाणा मनुष्य शेवटची हातभर दोरी बोटांनी वारंवार तपासून पाहतो.

उपदेशक बंधूंनो, प्रभूने आम्हांस माणसे धरावयास बोलाविले आहे, ती मारण्यास नव्हे, तर त्यांस जीवन मिळावे म्हणून. शेजाऱ्याचे मन भयाने वा दुःखाने गारठले असता आम्ही त्यापुढे वादाचा दोरखंड टाकावा काय? आमचे शब्द मृदू असोत; आम्ही न दिसता ख्रिस्त दिसो. पण गुप्त लबाडी, बुडविलेले कर्ज, घरातील कठोर बोलणे, ही त्या दोरीची चीर होय. तिच्यामुळे दाराशी आलेला जीव माघारी जातो. तर दुसऱ्याच्या घरी जाण्यापूर्वी आपण आपली दोरी तपासू या. प्रभू आम्हांस साहाय्य करो. आमेन.